एक तारीख आणि अनेक घटना : १४ ऑक्टोबरच्या निमित्ताने

अमरावतीच्या एका विहारात वंदनेच्या जागेशेजारी एक फळा टांगलेला आहे. विहारातील तरुण उपासक त्यावर रोज सकाळी त्या तारखेचे दिनविशेष लिहितात. उपक्रम चांगला आहे आणि त्यामागील अभ्यासाची हौस आम्हास मनापासून आवडते. एका वर्षी १४ ऑक्टोबरला तेथे जाण्याचा योग आला, तेव्हा फळा काठोकाठ भरलेला होता. मध्यभागी परमपूज्य बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेची नोंद मोठ्या अक्षरांत होती आणि तिच्याभोवती इतर देशांतील पाच-सहा घटना मांडल्या होत्या. वर शीर्षक होते : 'क्रांतीची तारीख'. या तारखेतच काही विशेष सामर्थ्य आहे काय, असे त्या मुलांनी आम्हास विचारले.

त्याच सुमारास अकोल्यातील एका वृद्ध उपासिकेने नातीच्या विवाहासंबंधी आमचा सल्ला घेतला. भटजीला विचारून मुहूर्त काढण्याची पद्धत त्यांच्या घरातून १९५६ सालीच हद्दपार झालेली आहे. आता विवाह १४ ऑक्टोबरलाच व्हावा, कारण तो दिवस सर्वांत शुभ, असा त्यांचा आग्रह होता. मुलाकडच्या मंडळींना ती तारीख सोयीची नव्हती आणि जुळलेला संबंध तेवढ्यासाठी मोडण्याच्या बेतात आला होता.

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. म्हणून त्यांचा विचार एकत्र करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम 'एकच तारीख' म्हणजे काय, ते पाहू. फळ्यावर सर्वांत जुनी नोंद हेस्टिंग्जच्या लढाईची होती. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याचा पराभव केला, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्या काळी युरोपात ज्युलियन कालगणना चालू होती. आजच्या ग्रेगरी कालगणनेने मोजल्यास ती लढाई २० ऑक्टोबरला झाली असे म्हणावे लागेल. म्हणजे १०६६ मधील १४ ऑक्टोबर आणि १९५६ मधील १४ ऑक्टोबर यांचे नाव एक असले तरी सूर्याभोवतीच्या भ्रमणातील पृथ्वीचे स्थान एक नाही. याहून मौजेची गोष्ट १५८२ सालची आहे. पोप तेरावा ग्रेगरी याच्या आज्ञेने त्या वर्षी कालगणना सुधारण्यात आली आणि रोम, स्पेन व पोर्तुगाल येथे ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. त्या देशांत त्या वर्षी १४ ऑक्टोबर ही तारीख झालीच नाही. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ साली स्वीकारली, तेव्हा तेथे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. रशियातील 'ऑक्टोबर क्रांती' आजच्या गणनेने ७ नोव्हेंबर १९१७ ची आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेलच. जी तारीख राजाज्ञेने वा धर्मगुरूच्या आज्ञेने पुढेमागे सरकते, गाळली जाते, तिच्या अंगी स्वतःचे असे सामर्थ्य कोठून येणार?

आपल्याकडे तर तारखेच्या जोडीला तिथी आहे. १९५६ साली विजयादशमी १४ ऑक्टोबरला आली होती. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. ती तूट अधिक मासाने भरून काढावी लागते. त्यामुळे दशमी दरवर्षी मागेपुढे होते. २०२३ साली ती २४ ऑक्टोबरला होती आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. एकोणीस सौर वर्षांत साधारणतः २३५ चांद्र मास बसतात, म्हणून एकोणीस वर्षांनी तिथी व तारीख पुन्हा जवळ येतात. तरी एखाद्या दिवसाचा फरक उरतोच. धम्मदीक्षेचा 'तोच दिवस' कोणता, तारखेचा की तिथीचा, या प्रश्नावर आपल्या वस्त्यांत पूर्वी बराच वाद झाला आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लोटणारा समुदाय आणि १४ ऑक्टोबरला ठिकठिकाणच्या विहारांत होणारी वंदना, असे दोन्ही आज चालू आहे. अकोल्यात तर विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन महोत्सव होतो आणि क्रिकेट क्लबच्या मैदानावर वऱ्हाडातील गावोगावचे उपासक जमतात. आदल्या दिवशी नागपूरला गेलेल्या मनुष्याला परतीच्या वाटेवर अकोल्यास उतरता येते, हे लोहमार्गाचा नकाशा पाहणाऱ्याच्या सहज ध्यानी येईल. यापैकी कोणताही दिवस चुकीचा आहे, असे आम्हास वाटत नाही.

आता फळ्यावरील इतर नोंदींकडे वळू. त्यांतील तीन विशेष विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली नोंद १९४३ सालची. जर्मनव्याप्त पोलंडमध्ये सोबिबोर येथे नाझींनी ज्यूंच्या संहारासाठी छावणी उभारली होती. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी तेथील बंदिवानांनी अलेक्झांडर पेचेर्स्की व लिऑन फेल्डहेंडलर यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला. पहारेकऱ्यांपैकी काहींना ठार करून सुमारे तीनशे बंदिवान कुंपणापलीकडे गेले. त्यांतील बहुतेक नंतर पकडले वा मारले गेले. युद्ध संपेपर्यंत जिवंत राहिलेल्यांची संख्या पन्नासच्या आसपास होती. दुसरी नोंद १९६४ सालची. मार्टिन ल्यूथर किंग यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाल्याची घोषणा त्या वर्षी १४ ऑक्टोबरला झाली. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. १९५९ साली ते भारतात आले असता केरळातील एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य बांधव म्हणून करून देण्यात आली. प्रथम त्यांना धक्का बसला, पण विचारांती ती ओळख खरी असल्याचे त्यांनी मान्य केले, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे.

तिसरी नोंद थायलंडची. १४ ऑक्टोबर १९७३ रोजी बँकॉकच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि त्याच दिवशी लष्करी हुकूमशहा थानोम कित्तिकाचोर्न यास पद सोडावे लागले. त्याच्या जागी सान्या धर्मशक्ती हे विधिज्ञ पंतप्रधान झाले. हेच सान्या धर्मशक्ती पुढे जागतिक बौद्ध बंधुत्व संघाचे अध्यक्ष झाले. त्या संघाची स्थापना १९५० साली कोलंबो येथील परिषदेत झाली होती आणि त्या परिषदेस बाबासाहेब उपस्थित होते. मुलांना हा धागा सांगितला, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. बौद्ध देश, १४ ऑक्टोबर, जुलमी सत्तेचा अंत आणि वर कोलंबोचा संबंध!

आम्हास त्यांच्या आनंदावर पाणी टाकावे लागले. वर्षाला दिवस ३६५ आणि इतिहासात नोंदलेल्या घटना लक्षावधी. कोणतीही तारीख उचलावी, तिच्यावर दहा-वीस मोठ्या घटना सापडतातच. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी नेपोलियनने येना येथे प्रशियाचे सैन्य चिरडले. ती नोंद मुलांनी गाळली होती. १४ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकी विमानाने क्युबातील क्षेपणास्त्रांच्या तळांची छायाचित्रे घेतली आणि त्यातून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले. तीही नोंद फळ्यावर नव्हती. जुळणाऱ्या घटना वेचायच्या व न जुळणाऱ्या सोडून द्यायच्या, ही ज्योतिष्याची रीत आहे. त्याने सांगितलेली नव्व्याण्णव भाकिते चुकतात. एक खरे ठरले की तेवढेच लोकांच्या स्मरणात राहते.

या रीतीविषयी पालि वाङ्मयाची भूमिका अगदी स्पष्ट आहे. दीघनिकायातील ब्रह्मजाल व सामञ्ञफल या सुत्तांत भिक्षूंनी टाळावयाच्या हीन विद्यांची जी दीर्घ यादी आहे, तीत ग्रहणाची फले सांगणे व आवाहन-विवाहनाचे, म्हणजे सून आणण्याचे व मुलगी देण्याचे दिवस ठरवून देणे, ही कामे आहेत. जातकट्ठकथेतील ४९ वे जातक नक्खत्तजातक या नावाचे आहे. त्यातील अतीतकथा अकोल्याच्या त्या उपासिकेस आम्ही सांगितली, ती अशी. वाराणसीतील एका कुटुंबाने आपल्या मुलासाठी जनपदातील मुलगी पाहिली व दिवस निश्चित केला. मग आपल्या कुलगुरू आजीवकास त्यांनी विचारले की, नक्षत्र कसे आहे? आधी न विचारता दिवस ठरविला म्हणून तो मनातून रागावला होता. आज नक्षत्र वाईट आहे, असे त्याने सांगून टाकले. मंडळी गेली नाहीत. जनपदातील लोकांनी दिवसभर वाट पाहिली आणि तयारी वाया जाऊ नये म्हणून मुलगी दुसऱ्या घरी दिली. दुसऱ्या दिवशी नगरवासी दारात उभे राहिले, तेव्हा भांडण जुंपले. तेथे आलेल्या एका शहाण्या पुरुषाने त्यांना सुनावले की, मुलगी मिळणे हेच येथे नक्षत्र होते; आकाशातील तारे त्यात काय करणार होते?

उपासिका हसल्या. पण त्यांनी लगेच विचारले की, तथागतांचे जन्म, बोधी व परिनिर्वाण एकाच वैशाख पौर्णिमेला झाले, ते मग कसे? प्रश्न मार्मिक आहे आणि त्यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

महापरिनिब्बान सुत्तात परिनिर्वाणाची तिथी दिलेली नाही. चापाल चैत्याजवळ तथागतांनी तीन महिन्यांनंतरच्या परिनिर्वाणाची सूचना दिली, एवढेच त्यात आहे. वैशाख पौर्णिमा अट्ठकथांत व वंसग्रंथांत येते. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने दोन परंपरा नोंदविल्या आहेत : सर्वसाधारण परंपरा परिनिर्वाण वैशाख पौर्णिमेस मानीत असे, तर सर्वास्तिवादी ते कार्तिकाच्या उत्तर पक्षातील अष्टमीस मानीत. जपानमधील बौद्ध आज जन्म ८ एप्रिलला, बोधी ८ डिसेंबरला व परिनिर्वाण १५ फेब्रुवारीला साजरे करतात. म्हणजे तेथे तीन घटनांना तीन दिवस आहेत. जातकाच्या निदानकथेत बोधिसत्त्वाबरोबर एकाच दिवशी जन्मलेल्यांची यादी आहे : राहुलमाता, सारथी छन्न, अमात्य काळुदायी, कंथक अश्व, एवढेच नव्हे तर महाबोधिवृक्षसुद्धा. पुढे आयुष्यात जे जवळ आले, त्यांना परंपरेने आरंभापासून जवळ आणून ठेविले. प्रेमापोटी झालेली ही जुळणी आहे, असे आम्ही समजतो. तिचे सौंदर्य मानावे, परंतु तिला पुरावा म्हणू नये.

वैशाखीची थोरवी यामुळे उणी होत नाही. १९५६ मध्ये ती २४ मे रोजी आली. त्या दिवशी रंगून येथे दोन वर्षे चाललेल्या सहाव्या संगायनाची समाप्ती झाली आणि त्याच दिवशी मुंबईत नरे पार्कवरील सभेत बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारण्याचा आपला निश्चय जाहीर केला. एका तारखेच्या या दोन घटना एकमेकींशी खरोखरीच जोडलेल्या आहेत, कारण बुद्धपरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षाचा तो दिवस दोन्हीकडच्या लोकांनी विचारपूर्वक निवडला होता. सोबिबोर आणि नागपूर यांच्यामध्ये असा कोणताही दुवा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५ डिसेंबर १९९९ च्या ठरावाने वैशाखी पौर्णिमेस मान्यता दिली, तीही याच प्रकारची सामुदायिक निवड होय.

अशोक विजयादशमीबद्दलही थोडे लिहिणे अगत्याचे आहे. सम्राट अशोकाने कोणत्या तिथीस धम्म स्वीकारला, ते त्याच्या कोणत्याही लेखात सांगितलेले नाही. अशोक आपली वर्षे राज्याभिषेकापासून मोजतो. तेराव्या शिलालेखात अभिषेकानंतर आठ वर्षांनी झालेल्या कलिंगयुद्धाचे वर्णन आहे. एक लक्ष माणसे मारली गेली व दीड लक्ष बंदी करून नेली गेली, हे नमूद करून तो पश्चात्ताप व्यक्त करतो आणि धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय मानतो. 'विजयादशमी' या शब्दास 'अशोक' हे विशेषण लावताना हाच विजय अभिप्रेत आहे. त्या नावाचा आधार अर्थात आहे, पंचांगात नाही. तिथी अशोकास ठाऊक नव्हत्या असे मात्र नव्हे. पाचव्या स्तंभलेखात त्याने चातुर्मासी पौर्णिमा, चतुर्दशी, पंचदशी, प्रतिपदा व उपोसथाचे दिवस मोजून दिले आहेत. पण ते मासे न मारण्यासाठी. नवव्या शिलालेखात आजारपण, मुलामुलींचे विवाह, अपत्यजन्म व प्रवास या प्रसंगी लोक करीत असलेल्या मंगलविधींना तो अल्पफलदायी ठरवितो आणि दास व सेवकांशी नीट वागणे हे धम्ममंगल होय, असे सांगतो. या नवव्या लेखाचा अंश आपल्याच महाराष्ट्रात सोपाऱ्यास मिळालेला आहे.

मज्झिमनिकायातील वत्थूपम सुत्तात सुंदरिक भारद्वाज ब्राह्मण तथागतांना बाहुका नदीवर स्नानास येण्याबद्दल विचारतो. शुद्ध आचरणाच्या मनुष्यास प्रत्येक दिवस फल्गु नक्षत्राच्या पर्वासारखा व प्रत्येक दिवस उपोसथासारखाच आहे, असा तथागतांच्या उत्तराचा आशय आहे. अंगुत्तरनिकायातील पुब्बण्ह सुत्तही तेच सांगते : सकाळी जो काया-वाचा-मनाने सदाचरण करतो, त्याची ती सकाळ सुमंगल.

मग १४ ऑक्टोबर १९५६ हाच दिवस का? विजयादशमी होती, हे झालेच. आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आमच्या पाहण्यात फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. तो दिवस रविवार होता. सहज कुतूहल म्हणून आम्ही आपल्या चळवळीतील इतर मोठ्या तारखांचे वार गणित करून काढले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७ : रविवार. मनुस्मृतिदहन, २५ डिसेंबर १९२७ : रविवार. नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचा आरंभ, २ मार्च १९३० : रविवार. येवल्याची धर्मांतराची घोषणा, १३ ऑक्टोबर १९३५ : रविवार. येथे एखादा फलज्योतिषी 'सूर्यवार' म्हणून हर्षभरित होईल! आमचे अनुमान साधे आहे. सभेला येणारा मनुष्य गिरणीत, गोदीत, रेल्वेत, कचेरीत राबणारा होता. त्याला मोकळा दिवस तेवढाच मिळे. नाताळचे दिवसही त्या काळी सर्वच पक्षांच्या परिषदांना सुटीमुळे सोयीचे असत. आणि रविवारची ती सुटी तरी कोठून आली? महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी ती गिरणीमालकांकडून मान्य करून घेतली. २४ मे १९५६ हा गुरुवार होता, म्हणजे नियम सर्वत्र लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे पौर्णिमेने दिवस ठरविला होता.

वारांचे हे गणित करताना आणखी एक तारीख आमच्या हाती लागली आणि ती पाहून आम्हास त्या फळ्याची पुन्हा आठवण झाली. १३ नोव्हेंबर १९२७, हाही रविवारच. त्या दिवशी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्य बांधवांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह करण्याचा प्रश्न पुढे होता. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे स्पृश्य समाजातील तरुण पुढारी या लढ्याच्या बाजूने उभे होते. मंदिरात जाऊन मूर्तीपुढे हात जोडण्याची उत्कंठा हे या मागणीचे कारण नसून समान हक्क हे कारण आहे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. मंदिराच्या विश्वस्तांना विचारास अवधी द्यावा म्हणून सत्याग्रह तूर्त पुढे ढकलण्यात आला. याच दिवसांत बाबासाहेबांचे वडील बंधू बाळाराम यांच्या मुंबईतील निधनाची वार्ता अमरावतीत आली. घरचे दुःख गिळून त्यांना सभेचे काम पाहावे लागले. तेथून बरोबर सहा आठवड्यांनी महाडास मनुस्मृती जळाली.

नऊ वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोरच्या महाराजांनी संस्थानच्या ताब्यातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली. एका दिवसाच्या फरकाने तारीख हुकली आहे! आणि १३ नोव्हेंबर १९५६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी शहरातील बसगाड्यांमध्ये काळ्या व गोऱ्या उतारूंना वेगळे बसविण्याचा कायदा घटनाविरोधी ठरविणारा निर्णय कायम केला. अमरावतीच्या सभेपासून त्या दिवशी बरोबर २९ वर्षे आणि नागपूरच्या दीक्षेपासून ३० दिवस होत होते. बाबासाहेब तेव्हा काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेच्या प्रवासात होते. देवळाचा दरवाजा आणि बसमधील बाक, दोन्हीकडे मागणी एकच होती. तारीख जुळली हा योगायोग असला, तरी मागणी जुळली त्याला कारणे आहेत आणि ती शोधता येतात.

अमरावतीच्या त्या फळ्यावर १३ नोव्हेंबरला काय लिहिले जाते, हे पाहण्यास आम्ही मुद्दाम गेलो होतो. दोन युरोपीय राजांची नावे व एका शास्त्रज्ञाचा जन्म, एवढ्या तीन ओळी होत्या. इंद्रभुवनाची नोंद नव्हती. मुलांना आम्ही ती सांगितली, तेव्हा आश्चर्य वाटून त्यांनी प्रथम विचारले की, हे थिएटर आपल्या गावात नेमके कोठे होते? त्यांपैकी दोघे त्याच संध्याकाळी ते विचारण्यासाठी वस्तीतील जुन्या माणसांकडे गेले. अकोल्याचा तो विवाह मार्गशीर्षातल्या एका रविवारी त्रिसरण-पंचशील ग्रहण करून पार पडला. मुलाकडची बहुतेक मंडळी जिनिंगमध्ये कामाला आहेत आणि त्यांना सुटी त्याच दिवशी होती.